फिनने धुतलेले शर्ट

१

तिला गोळी घालायची होती. पण त्याआधी तिचं डोकं भादरायचं होतं, म्हणून ते माझ्याकडे आले.

हूलराथमध्ये न्हावी मी एकटाच. नाव मातिस. अमेरिकन आले, जर्मन पळाले आणि गावाला एकदम मर्दानगीचा ताप चढला. चार वर्षं जे तळघरात बटाट्यांशेजारी दडून बसले होते, ते आता दंडाला जर्मनविरोधी लढवय्यांची नारिंगी पट्टी आणि खांद्याला बंदूक लावून चौकात फिरत होते. त्यांचा म्होरक्या सेफ, खाटकाचा मुलगा. त्याच्या बापाने युद्धभर जर्मनांना सॉसेज विकले. पट्टी बांधली की तेवढं निघून जातं म्हणे.

"मातिस, उद्या चर्चमधली रविवारची मिसा सुटली की खुर्ची चौकात आणायची," सेफ म्हणाला. "मशीनला तेल घालून ठेव."

"कोणाचे कापायचेत?"

"फिनचे."

"आणि कापून झाल्यावर?"

"झाल्यावर खाणीकडे." त्याने बंदुकीवर थाप मारली. "तिकडे केस लागत नाहीत."

बरोबरची पोरं खिदळली.

फिन गावाचे कपडे धुवायची. गावाचे आणि जर्मन पोलिसांचेसुद्धा. गेल्या मार्चमध्ये पोलिसांची मोटार विधवा ड्रिकाच्या शेतावर गेली आणि गोठ्याच्या माळ्यावर लपवलेली तीन यहुदी पोरं घेऊन आली. ड्रिकालाही घेऊन गेली. त्यानंतर त्यांच्यातल्या कोणाचाही पत्ता नाही. दुसऱ्या एकाही घराची झडती झाली नव्हती. मोटार सरळ ड्रिकाकडे, सरळ माळ्याखाली. म्हणजे कोणीतरी सांगितलं. आणि त्याच दुपारी फिन पोलीस ठाण्यातून बाहेर पडताना सगळ्यांनी पाहिली होती.

"हे सिद्ध कुठे झालंय?" मी म्हणालो.

"तुला काय कोर्ट लागतं?"

"मला मशीन चालवायला कारण लागतं. उगाच कोणाचं डोकं मी भादरत नाही."

सेफने बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. दाढी माझ्याकडेच करायची असते, त्यामुळे मला लगेच मारता येत नाही.

"बरं. मग तू शोध. त्या पोरांबद्दल कोणाकोणाला ठाऊक होतं ते तुला माहीतच आहे, तूही त्यातलाच. उद्या मिसा सुटेपर्यंत दुसरं नाव आण. नाहीतर फिन."

खरंच होतं. ठाऊक असणारे मोजकेच. मी, कारण पोरांचे केस कापायला माळ्यावर जायचो. डॉक्टर लेमेन्स. फादर. फिन, कारण चड्ड्या तीच धुवायची. आणि नेलिस, आमच्या चर्चमध्ये घंटा वाजवणारा, मेणबत्त्या लावणारा. ती पोरं मुळात त्यानेच आणली होती. ॲम्स्टरडॅमहून, आगगाडीने, एका वेळी एक. विचारलं कोणी तर सांगायचा, "बहिणीचं आहे." नेलिसच्या बहिणीला पोरं होतात तरी किती, अशी चेष्टा गाव करायचं. नेलिसला बहीण नव्हती. किती पोरं आणली आणि कुठेकुठे ठेवली ते त्यालाच ठाऊक. त्याने त्याचा कधी उच्चारही केला नाही.

यांच्यापैकी एकाने पोरं विकली होती.

२

फिनला आगीचा बंब ठेवायच्या खोलीत कोंडलं होतं. ती पालथ्या बादलीवर बसली होती. धुणं करून करून तिचे हात कोपरापर्यंत लाल झालेले.

"मशीन आणलंस का?" तिने विचारलं.

"आज नाही."

"मग कशाला आलास? वास घ्यायला?"

"फिन, त्या दिवशी ठाण्यात का गेली होतीस?"

"नाचायला. शर्ट द्यायला गेले होते, मातिस. बुधवारी शर्ट द्यायचे असतात. गावच्या बायका धुणं टाकतात आणि पैसे पुढच्या महिन्यात देतात. जर्मन लगेच द्यायचे. हा माझा देशद्रोह."

"ठाण्यात काय झालं?"

"काही नाही."

"फिन, उद्या तुला खाणीत नेणारेत. तोंड उघड."

तिने लाल हात ॲप्रनला पुसले.

"हेल्विग जेवत होता," ती म्हणाली. हेल्विग म्हणजे ठाण्याचा जर्मन जमादार. "एकदम चमचा ठेवला. उभा राहिला. टोपी काढली, छातीवर क्रुसाची खूण केली, परत बसला. एवढंच."

"एवढंच? जेवता जेवता? का?"

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. नको ते बोलून गेल्यावर होतं तसं.

"मला काय माहीत! त्याच्या मनात आलं असेल."

"त्याने तुला काही विचारलं?"

"नाही."

"मग तू काही सांगितलंस?"

"जा इथून, मातिस. कोणी सांगितलं ते शोधू नकोस. माझंच नाव लाव आणि मोकळा हो."

"वेडी झालीस का?"

"जा म्हटलं ना!" तिने पायाने बादली उडवली. बाहेरचा बंदूकवाला आत डोकावला.

बाहेर पडताना माझ्या मनात एकच होतं. निर्दोष माणूस ओरडतो, रडतो, दुसऱ्याचं नाव घेतो. ही माझंच नाव लाव म्हणते. म्हणजे एक तर हिनेच सांगितलंय, किंवा ज्याने सांगितलं त्याला ही वाचवतेय.

३

शनिवारी दुपारी डॉक्टर दाढीला आले. मी दुकानाचं दार लावून घेतलं.

"डॉक्टर, ड्रिकाकडे चौथं पोर होतं."

"हळू बोल."

"आता कोणाला घाबरता? जर्मन गेले."

"मी सेफला घाबरतो."

मी त्यांच्या गालाला साबण फासला. चौथं पोर सगळ्यात धाकटं, चारेक वर्षांचं. बाकीच्यांचे केस कापताना ते माझी फणी पळवायचं. मोटार आली त्याच दिवशी सकाळी ते घटसर्पाने गेलं होतं.

"घटसर्पाचं इंजेक्शन मिळालं नाही," डॉक्टर डोळे मिटून म्हणाले. "मागायचं कोणाच्या नावावर? जे पोर गावात नाहीच, त्याला घटसर्प कसा होईल? मी त्याचे डोळे मिटले आणि दुपारी तुझ्याकडे दाढीला आलो. नेहमीसारखं दिसायला हवं होतं ना."

"त्या दिवशी तुम्ही हसत होतात. मला आठवतंय."

"सगळेच हसत होते. बेकरीवाली दारातून ओरडली, ‘अरे, उपासाच्या दिवसांत लग्न कोणाचं?’ आणि तू म्हणालास, ‘फादर चोरून उरकतायत स्वतःचं.’ सगळं दुकान हसलं. मी नसतो हसलो तर?"

मला ते आठवलं. पण नुसतं आठवलं, पुढे काही सुचलं नाही.

"डॉक्टर, खरं सांगा. तुमच्या तोंडून काही गेलं?"

त्यांनी डोळे उघडले.

"आदल्या दिवशी ड्रिकाच्या रस्त्यावर माझ्या सायकलची हवा गेली. हेल्विग पंप घेऊन धावत आला. चांगलं वागायचा हरामखोर. ‘कोण आजारी?’ म्हणाला. मी म्हटलं, म्हातारीचा खोकला. सहा महिने मी रात्रीचा झोपलेलो नाही, मातिस. मीच रस्ता दाखवला."

"रस्ता दाखवलात. पण म्हातारीच्या खोकल्यासाठी कोणी माळा धुंडाळत नाही. माळ्यावर लेकरं आहेत हे त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. कसं?"

"फिन?"

"तुम्हाला तसं वाटतं?"

डॉक्टरांनी गालावरचा साबण स्वतःच पुसला. "वाटलं तर झोप तरी लागेल," म्हणाले आणि अर्ध्या दाढीनिशी उठून गेले.

४

फादर प्लमची फ्लाय, म्हणजे आमच्याकडचा फळांचा केक, खात होते. गावाला भाकर मिळत नव्हती, पण फादरकडे फ्लाय पोचते. मला त्यांनी एक तुकडा पुढे केला. मी घेतला नाही. मग त्यांनीच खाल्ला.

"फिनबद्दल आला असशील. कबुलीत ऐकलेलं मला सांगता येत नाही."

"ते विचारत नाही. ते धाकटं पोर कुठे पुरलं?"

"ड्रिकाच्या बागेत, सफरचंदाच्या झाडाखाली. मी स्वतः माती मंतरली."

"यहुदी पोराची?"

"यहुदी कुठे राहिलं होतं?" फादर समाधानाने म्हणाले. "शेवटच्या घटकेला मी बाप्तिस्मा दिला. योझेफ नाव ठेवलं. ते लेकरू सरळ देवदूतांत गेलं बघ, मातिस. मध्ये कुठे थांबावंही लागलं नाही."

माझ्या डोक्यात रक्त चढलं. ज्या पोराला फक्त यहुदी म्हणून मारायला निघाले होते, त्याला आम्ही वाचवायला घेतलं आणि मरताना त्याच्याकडे तेवढं एकच उरलं होतं तेही काढून घेतलं.

"आईबापांना विचारलंत?"

"आईबाप कुठे आहेत?"

"म्हणजे विचारायचं टळलं. बरं झालं."

"तू रागावलायस."

"फादर, उद्या बाई मरणार आहे. तुम्ही पायरीवर उभं राहून एक शब्द बोललात तर सेफची हिंमत होणार नाही."

"मी तिच्यासाठी प्रार्थना करीन."

"ती जिवंत असताना चौकात येऊन करा."

त्यांनी बोटांवरची साखर पुसली. "काही गोष्टी उकरू नयेत, मातिस. त्यातून कोणाचंही भलं होत नाही."

हेच फिन म्हणाली होती, जवळपास हेच. या दोघांना काहीतरी ठाऊक होतं आणि दोघंही ते झाकत होते. मी दारापर्यंत गेलो. देवदूतांत, सरळ देवदूतांत, असं मनात घोळत होतं. आणि एकदम बेकरीवालीचा आवाज माझ्या कानात ओरडला.

मी पायरीवरच बसलो. मग उठून चर्चकडे निघालो.

५

नेलिस चर्चमध्ये फरशीवर सांडलेलं मेण सुरीने खरवडत होता. ते गोळा करून तो पुन्हा मेणबत्त्या करायचा.

"नेलिस, मार्चमध्ये, त्या दिवशी, तू घंटा वाजवली होतीस."

सुरी थांबली.

"थोडीशीच," तो म्हणाला.

आमच्याकडे मोठी माणसं मरतात तेव्हा घंटा रडते. एक ठोका, मग शांतता, मग दुसरा. पण बाप्तिस्मा झालेलं लहान लेकरू गेलं तर रडायचं नसतं. त्याने पाप केलेलं नसतं, ते थेट देवदूत होतं. म्हणून घंटा नाचवायची, भरभर, लग्नात वाजते तशीच. आणि ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत लग्न लागत नाही. म्हणजे उपासात घंटा नाचली की गावातलं एक लेकरू गेलं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण त्या दिवशी गावात कोणाचंच लेकरू आजारी नव्हतं, म्हणून आम्ही विनोद केला.

"का वाजवलीस?"

"पेटी नव्हती, मातिस. पोत्यात घालून पुरलं. मीच खड्डा खणला. गाणं नाही, आई नाही. आगगाडीत सगळा रस्ता माझ्या कोटाचं बटण चोखत होतं ते. फादर म्हणाले, देवदूत झाला. म्हटलं, गावच्या प्रत्येक लेकराला जे मिळतं त्यातलं एक तरी याला मिळू दे. लोकांना सांगितलं, नवा दोर ओढून बघत होतो."

"कोणाच्या लक्षात आलं असतं तर?"

"गावातलं कोण सांगायला जाणार? आणि जर्मनांना आपल्या घंटेतलं काय कळतंय!"

त्याच्या आवाजात शंकेचा लवलेशही नव्हता. त्याच्या लेखी जर्मन म्हणजे बिनदेवाची जनावरं. पण हेल्विग सीमेपलीकडच्या डोंगरातला. आमच्यासारखाच कॅथलिक, लहानपणी याच चालीवर वाढलेला. जेवता जेवता त्याला देवदूताची घंटा ऐकू आली. तो उठला, टोपी काढली, मेलेल्या लेकरासाठी क्रूस केला. मग खाली बसून विचार करू लागला: कोणाचं लेकरू? गावात तर कोणी आजारी नाही. फक्त डॉक्टर रोज एका निपुत्रिक विधवेकडे सायकल मारतात.

कोणीही पोरं विकली नव्हती. कोणीही तोंड उघडलं नव्हतं.

"फिनला सोडवशील ना?" नेलिस विचारत होता. "तिने नाही सांगितलं. ती त्या पोरांना मोजे विणून द्यायची."

"सोडवतो."

"मग कोणी सांगितलं ते कळलं तुला?"

"कळलं तर?"

नेलिस उठून उभा राहिला. मऊ माणूस, माशीसुद्धा हाताने हाकलायचा. सुरीवरची त्याची बोटं पांढरी झाली होती.

"तर सेफला नको, मला सांग. आधी मला. मी त्याला याच सुरीने कापीन."

६

मिसा सुटली. खुर्ची चौकात होती, मी तिच्यामागे. फिनला आणलं. सगळं गाव जमलं होतं, बायका पोरांना कडेवर घेऊन आल्या होत्या. जत्रेला येतात तशा.

"मग? नाव सापडलं?" सेफ ओरडला.

मी फिनकडे पाहिलं. तिला एका नजरेत कळलं, मला काय सापडलंय. ती मान हलवू लागली. नको. नको.

एका बाजूला ती होती, खाणीपासून चार पावलांवर. दुसऱ्या बाजूला नेलिस, चर्चच्या दारात, माझ्याकडे आशेने बघत. फादर त्याच्या मागे. मी थांबलो, फादर बोलतील म्हणून. त्यांना सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. फादर आपले बूट बघत होते.

मग मी बोललो. हेल्विगची टोपी, डॉक्टरांची सायकल, बाप्तिस्मा, उपास, घंटा. सगळं.

बेकरीवाली तोंडावर हात घेऊन मटकन खाली बसली. "मीच ओरडले होते," ती म्हणाली, "लग्न कोणाचं, लग्न कोणाचं." बाकीचेही आठवत होते. सगळ्यांनी ऐकलं होतं, सगळ्यांना त्या चालीचा अर्थ माहीत होता. एकानेही नेलिसला जाऊन विचारलं नव्हतं, बाबा, हे कोणासाठी?

नेलिस गर्दीतून चालत आला. चेहरा चुन्यासारखा. तो खुर्चीत बसला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"काप," मला म्हणाला. "मग खाण."

कोणी हललं नाही. मग दोन म्हाताऱ्या पुढे झाल्या, त्याला दंडाला धरून उठवू लागल्या. "ऊठ रे लेकरा. तू चांगल्या मनाने केलंस." सेफसुद्धा म्हणाला, "नेलिस, घरी जा. तुला कोणी काही म्हणत नाही." त्याला मिठ्या मारल्या, पाठीवर थोपटलं. तो खांबासारखा उभा होता.

खुर्ची रिकामी राहिली. आणि गाव त्या रिकाम्या खुर्चीकडे बघू लागलं. घंटेचं डोकं भादरता येत नाही. फादरचं भादरायची कोणाची छाती नव्हती. स्वतःचं तर कोणीच भादरत नाही.

"खाणीचं रद्द," सेफ म्हणाला. "पण शर्ट तर धुतलेच ना हिने?"

"तुझ्या बापाने सॉसेज विकले!" मी ओरडलो. "त्याचं कापू का?"

कोणाची तरी बंदूक उलटी होऊन माझ्या तोंडावर बसली. मी दातांतलं रक्त थुंकेपर्यंत त्यांनी फिनला खुर्चीत दाबलं होतं. मशीन मी दिलं नाही. तेव्हा त्यांनी मेंढ्यांची कात्री आणली. ज्या बायकांच्या चादरी तिने वर्षानुवर्षं पांढऱ्या केल्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी फिन दुकानात आली. डोक्यावर कात्रीच्या जखमा, मध्ये मध्ये केसांचे झुबके.

"सारखं करून दे."

मी पाणी गरम केलं. जखमा पुसताना तिने हूं की चूं केलं नाही.

"तुला ठाऊक होतं," मी म्हणालो.

"हेल्विगने टोपी काढली तेव्हाच. म्हणाला, ‘आमच्याकडेही अशीच वाजते. कोणाचं गेलं?’ मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, ‘मला वाटतं मला माहीत आहे.’ टोपी घातली आणि मोटार काढायला सांगितली. मी शेतातून पळाले ड्रिकाकडे. मोटारीपुढे माझे पाय काय पोचणार!"

"मग सहा महिने बोलली का नाहीस? लोक थुंकत होते तुझ्यावर."

"कोणाला सांगू? नेलिसला? की बाबा, तू पोटाशी धरून आणलीस आणि तूच घालवलीस?"

"मेली असतीस, फिन."

"भीती वाटतच होती रे. मला काय संत व्हायचं नव्हतं. फक्त वाटायचं, हे एकाच माणसाला ठाऊक असावं, आणि तो नेलिस नसावा." तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "नदीपलीकडे उत्तरेला अजून जर्मनच आहेत. तिथे अजून पोरं माळ्यांवर आहेत. नेलिस त्यांना आणायला परत जाणार होता, मातिस. पुढच्या आठवड्यात. तू मला सोडवलंस, ठीक आहे. आता तिकडे कोण जाणार?"

मी खरं शोधलं होतं, तर्काने, एकेक धागा जुळवून. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की निदान एक जीव तरी वाचतो. वाचला. हा असा.

ती उठली. डोक्याला बांधायला रुमाल दिला तो घेतला नाही. कोपऱ्यात ठेवलेलं, घरून आणलेलं सुपाचं भांडं तिने उचललं आणि चर्चमागच्या नेलिसच्या खोलीकडे गेली. कालपासून तो बाहेर आला नव्हता.

मी काचेतून बघत होतो. तिने दार वाजवलं. हाक मारली. पुन्हा वाजवलं. दार उघडलं नाही. मग ती पायरीवर बसली, भांडं मांडीवर घेऊन, बोडकं डोकं उघडं टाकून. येणारेजाणारे तिला बघून रस्ता ओलांडत होते आणि पलीकडून जात होते.